पडद्यावरचा अनोळखी ठिपका

‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८ हॉर्नेट चालवायला घेतलं, की सुरुवातीला सगळं लक्ष वेगाकडे आणि क्षेपणास्त्रांकडे जातं. विमान थोडं हाताशी आलं की नजर पडद्यावरच्या एका बारीकशा चिन्हावर स्थिरावते. दूरवरच्या प्रत्येक विमानासाठी असं एक चिन्ह असतं आणि त्याचे दोन भाग असतात. वरचा भाग आपल्या विमानाच्या यंत्रणेने काय ठरवलं ते सांगतो, खालचा भाग इतरांनी डेटा लिंकवरून, म्हणजे विमानांमधल्या माहितीच्या जाळ्यावरून, काय कळवलं ते. आपल्या बाजूचं विमान असेल तर गोल कमान, शत्रूचं असेल तर टोकदार खूण, ओळख पटली नसेल तर चौकोनी कंस. वर कंस आणि खाली टोक दिसलं, तर अर्थ असा की दुसऱ्या कुणाला तो शत्रू वाटतो आहे, माझी अजून खात्री पटलेली नाही.

स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून कळलेलं एकाच चिन्हात ठेवायचं, पण मिसळू द्यायचं नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तिची गरज आकाशाइतकीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

डेटा लिंकची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. अमेरिका आणि नाटो देशांच्या ‘लिंक १६’मध्ये बारा सेकंदांच्या एका चक्राचे १,५३६ तुकडे पाडलेले असतात. एकेक तुकडा जेमतेम ७.८ मिलिसेकंदांचा. आपल्या वाट्याच्या तुकड्यात बोलायचं, उरलेला वेळ ऐकायचं. मी कोण आणि कुठे आहे, हे प्रत्येक विमान ठरावीक वेळाने स्वतःहून सांगत राहतं. हे बोलणं कुठल्या एका मुख्य केंद्रातून जावं लागत नाही, त्यामुळे एक विमान कोसळलं म्हणून जाळं तुटत नाही. ताडोब्यात झाडावरच्या वानराला वाघ दिसतो आणि त्याच्या हाकेने खाली चरणारी चितळं सावध होतात. तसंच इथे स्वतःचं रडार बंद ठेवलेल्या वैमानिकालाही सोबत्याच्या रडारने पाहता येतं.

सिम्युलेटर आणखी एक गोष्ट शिकवतं. ‘तू आपला आहेस का?’ हा प्रश्न विमान आयएफएफ यंत्रणेतून विचारतं. उत्तर आलं नाही, एवढ्यावर हॉर्नेट समोरच्याला शत्रू ठरवत नाही. त्याला दुसरा पुरावा लागतो. तोवर ते चिन्ह अनोळखीच राहतं.

पण सिम्युलेटरमध्ये एक मोठी सोय असते. आकाशातलं प्रत्येक विमान खरोखर कुणाचं आहे, हे संगणकाला आधीपासून ठाऊक असतं. खऱ्या आकाशात असा सर्वज्ञ कुणी नसतो. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली आणि २६ जणांचा बळी गेला. सारं आकाश पाहणारं अवॅक्स विमान तेव्हा जवळच उडत होतं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. त्यातले वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्या सहांपैकी एक होते. ही आपली मोठी चूक होती, असं वायुदलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं. ज्यांच्याकडे यंत्रं आहेत, प्रशिक्षण आहे, सांकेतिक ओळख आहे, त्यांचीही अशी गफलत होत असेल, तर ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचं काय?

हा प्रश्न मला जंगलात घेऊन येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की गडचिरोलीतली माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन रानात शिरतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. याच रानात पोलिसांची पथकं फिरतात आणि अलीकडे वरून ड्रोनही फिरतात. ड्रोनवरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला अंधारात झाडाखाली वाकलेली बाई दिसते ती एक उजळ ठिपका म्हणून. तिच्या हातात टोपली आहे की आणखी काही, तिच्यामागे येणारं तिचं पोर आहे की साथीदार, हे तो ठिपका सांगत नाही. डेटा लिंकवर ‘मी इथे आहे’ असं सांगायला यंत्र लागतं. तिच्याकडे ते नाही. जाळ्याच्या हिशेबी ती अनोळखी, आणि अनोळखी म्हणजे शत्रू नव्हे, हे ठिपका पाहणाऱ्याने मनात पक्कं धरलेलं असलं पाहिजे.

या जिल्ह्याने चुकीच्या शिक्क्यांची किंमत चार दशकं मोजली आहे. नक्षलवाद्यांनी ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून कितीतरी आदिवासींना मारलं. दुसरीकडे, नक्षलवाद्यांना जेवण दिलं असेल, या संशयाखालीही गावं जगली. पोलिसांनीही मोठी किंमत दिली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस शहीद झाले. जवानाचा जीव वाचवणारी माहिती त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच ती माहिती कुणाची आहे, किती जुनी आहे आणि कितपत खात्रीची आहे, हेही तिच्यासोबत पोहोचायला हवं. ‘अमक्याने सांगितलं’ आणि ‘मी पाहिलं’ यांतला फरक वाटेत पुसला गेला, की खालचं टोक वरच्या कंसाला गिळून टाकतं.

वाघाच्या बाबतीत हेच जरा वेगळ्या रूपात दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यात काही वाघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर आहेत, झाडांवर कॅमेरे आहेत. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठमध्ये तर वाघ टिपला की गावाला इशारा मिळावा, अशी कॅमेऱ्यांची व्यवस्था बसवली गेली. त्या व्यवस्थेचं मोल मोठं आहे, कारण तिथे माहितीची दिशा गावाकडे आहे. पण मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघाची माहिती गोळा करणारं जाळं कितीही दाट असलं, तरी पानं खुडणाऱ्या बाईच्या कानापर्यंत ते जात नसेल तर ते अर्धंच आहे. आणि उलट दिशाही तितकीच महत्त्वाची. कुठल्या नाल्याशी ताजे पगमार्क आहेत, हे त्या बाईला पुष्कळदा सगळ्यांच्या आधी दिसतं. तिला विचारणारं, तिचं ऐकून घेणारं कुणी जाळ्यात आहे का?

असं जाळं उभारता येतं, याचा दाखला याच मुलखात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटात माहितीची उलटसुलट चर्चा होते. अभ्यासगट माहिती तपासतो, निर्णय ग्रामसभा घेते. कळणं आणि ठरवणं या दोन पायऱ्या गावाने जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. ज्याचं जगणं पणाला लागलं आहे, त्याचाही बोलण्याचा तुकडा इथे राखलेला आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बंदुकीची दहशत ओसरते आहे. टॉवर, कॅमेरे आणि ड्रोन वाढत जाणार आहेत. पोलीस, वनविभाग, खाणी, सगळेच या जंगलाचं आपापलं चित्र तयार करतील. नियम ठरवायची वेळ आत्ताच आहे. प्रत्येक नोंदीवर ती कुणी केली आणि कधी केली, हे असलं पाहिजे. एकाच पुराव्यावर माणसाला शिक्का लागता कामा नये. आणि ग्रामसभेला ते चित्र पाहण्याचा, त्यातली चूक दाखवण्याचा आणि आपली नोंद त्यात घालण्याचा हक्क असला पाहिजे. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान तुकडा प्रत्येक विमानासाठी राखून ठेवणारी यंत्रणा माणसाने बांधली आहे. जंगलातल्या माणसासाठी बोलण्याची जागा राखायला त्याहून अवघड तंत्र लागत नाही. ती राखायची आहे, असं आधी ठरवावं लागतं.