काळ्याची बाज

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर जातो आणि अंगणातली शहाबादी फरशी दिवस मावळल्यावरही बराच वेळ धग सोडत राहते. आपण तिच्यावरून चपला घालून जातो, कुत्रं तिच्यावर पोट टेकून झोपतं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कोपरावरचे केस आधी जातात, मग तिथं घट्टा पडतो आणि एक दिवस तो फुटतो. आमच्या गल्लीतल्या काळ्याचा फुटला, तेव्हा मी बाज करायला घेतली.

तो आडवा पसरलेला असताना माप घेतलं: 3 फूट लांब, 2 फूट रुंद. उंची फक्त वीतभर, कारण त्याचे मागचे पाय आता उचलत नाहीत. बाभळीचे दांडे, वर नवार. नवार सैल पडली की झोळी होते, म्हाताऱ्याला तीतून उठता येत नाही. फार ताणली की फळीवर झोपल्यासारखंच. माझा जन्म यंत्रमागावर गेला, ताण हाताला कळतो.

शेजारच्या अक्कांनी विचारलं, "अप्पा, दत्ताचं कुत्रं म्हणून करताय का?"

प्रश्न साधा नव्हता. आमचा जिल्हा अक्कलकोटचा आणि पंढरपूरचा. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे म्हणजे चार वेद, असं घराघरांत सांगतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव तर आम्हाला लहानपणीच भेटतात. पण नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसत होता. मला काळ्यात काळ्याच दिसतो. मग माझ्या कामाला धर्म म्हणायचं का?

मला महाप्रस्थानातला युधिष्ठिर जवळचा वाटतो. कुत्र्याला सोड आणि रथात बस, असं इंद्र सांगतो आणि तो नाही म्हणतो. त्या क्षणी ते कुत्रं त्याच्यासाठी सोबत चालत आलेलं कुत्रंच आहे. ते कुत्रं म्हणजे यमधर्म आहे हे नंतर उघड होतं, आणि मला वाटतं, ते उघड झालं नसतं तरी युधिष्ठिराचं काहीच उणं झालं नसतं. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याकडे समदृष्टीनं पाहतो. पाहणं सम असावं, मान्य. पण हत्तीची आणि कुत्र्याची बाज एका मापाची होत नाही. सगळ्यांत एकच आहे म्हणणाऱ्याला शेवटी एकेकाचं कोपर बघावंच लागतं. तसबिरीतल्या चार कुत्र्यांना फूल वाहून दारातल्याला काठी दाखवणारी भक्ती मला अपुरी वाटते.

अक्कांनी पुढं विचारलं, "स्टेशनबाहेर माणसं जमिनीवर निजतात, त्यांचं काय?" हा प्रश्न टोचतो आणि टोचायलाच हवा. पण कुत्र्याला दिलेली माया माणसाच्या वाट्यातून कापली जाते, हे मला पटत नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदवलं, असं इथली परंपरा सांगते. त्याच्या काठावर कोण पितं याची वाटणी त्यांनी केली असेल, असं मनाला येत नाही.

उरलेली नवार पलीकडच्या कारखान्याच्या रखवालदाराच्या बाजेला पुरेल. त्याचं माप त्याला विचारून घेतलं. गुडघे धरतात, जरा उंच करा, म्हणाला.