वाटसरूचा हक्क

उन्हाळा सरत आला की श्रीपूरसारख्या ऊसपट्ट्यातील माणसाला समुद्राची ओढ लागते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम तोवर संपलेला असतो, ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उठलेल्या असतात, मुलांना सुटी असते आणि माळशिरस तालुक्याचे रान उन्हाने पांढरे पडलेले असते. अशा वेळी आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी काहींची पावले आप्तांच्या निमित्ताने वसईकडे वळतात. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी असे करीत अर्नाळ्यापर्यंत गेलेला तो किनारा, मागे सुरूची झाडे, आणि पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या रानवाटा. तेथे सकाळी निवांत चालावे, यासारखे सुख नाही. परंतु या सुखातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जी भूमी आपली नाही, तिच्यावरून जाताना आपण तिच्यापासून काय घेऊ शकतो आणि काय घेऊ शकत नाही?

पहिली गोष्ट अशी की, ज्याला आपण निर्जन म्हणतो तो किनारा वस्तुतः निर्जन नसतो. बोंबील सुकवण्याच्या वलांड्या मोकळ्या दिसतात, कारण कोळी भगिनींचे काम उरकत आलेले असते. होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असतात, कारण जूनच्या आरंभी मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होते. आपली शांतता म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांचा विसावा, आणि पुष्कळदा त्याच्या मिळकतीची चिंताही. रानातील पायवाटेचेही तसेच आहे. सहलीला येणाऱ्यांसाठी ती कोणी आखली नाही. मोळी वाहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या आणि बाजाराला जाणाऱ्या आदिवासी स्त्रीपुरुषांच्या पावलांनी ती पडली. तेव्हा आपण तेथे पाहुणे आहोत, हे ध्यानात ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे.

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात पाहुण्याचा हा धर्म मोठ्या व्यवहारी भाषेत सांगितला आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यातून जाणाऱ्याने पोटभर द्राक्षे खावीत, पण पात्रात भरून नेऊ नयेत. उभ्या पिकातून जाताना हाताने कणसे खुडावीत, पण विळा लावू नये. या दोन वाक्यांत मालकीचे अख्खे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. येथे मालकी नाकारलेली नाही, कारण शेत शेजाऱ्याचेच आहे. परंतु ती निरपवादही मानलेली नाही, कारण भुकेल्या वाटसरूचा हात तिला अडवता येत नाही. मर्यादा दोघांनाही आहे. प्रभू येशूचे शिष्य शब्बाथ दिवशी शेतातून जाताना कणसे खुडू लागले, तेव्हा परुश्यांनी शब्बाथ मोडल्याचा आक्षेप घेतला. चोरीचा आरोप मात्र कोणी केला नाही.

हा नियम आपल्याला परका वाटू नये. आपल्या भागात बांधावर बसून उसाचे एखादे कांडे खाणाऱ्याला शेतकरी सहसा बोलत नाही. उलट, हुरड्याच्या दिवसांत तो स्वतःच वाटसरूला हाक मारतो. पण तोच मनुष्य मोळी बांधू लागला की ती चोरी ठरते. कांडे आणि मोळी यांतील भेद आपल्या अशिक्षित आजोबांनाही कोणत्या कायद्यावाचून कळत होता. हातात मावते ती गरज आणि पात्रात भरावी लागते ती साठवण, असा तो भेद आहे.

मालकाच्या बाजूची मर्यादा आज अधिक विसरली जाते. किनारपट्टीवर भिंती उभ्या राहतात, कुंपणे भरतीच्या रेषेकडे सरकतात आणि जुनी वाट एके दिवशी फाटकापाशी संपते. वास्तविक, हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा ही सर्वांची सामायिक संपत्ती आहे, असे सम्राट जस्टिनियनच्या इ. स. 533 मधील कायद्याच्या ग्रंथात नमूद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1996 मध्ये कमलनाथ खटल्यात हेच सूत्र उचलून धरले. निसर्गातील अशी संपत्ती शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असते, हा त्याचा गाभा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर टोकाच्या गरजेत सर्व वस्तू सामायिक होतात, असे शिकविले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ख्रिस्तसभेची तीच जुनी शिकवण पुन्हा मांडली.

यावर कोणी विचारील, मग रानातून टोपलीभर करवंदे काढून रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात विकणारी आदिवासी स्त्री पात्राचा नियम मोडते काय? मुळीच नाही. पात्राची बंदी वाटेने जाणाऱ्यासाठी आहे. गरिबासाठी त्याच नियमशास्त्रात वेगळी तरतूद आहे. शेताचे कोपरे न कापता ठेवावेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबाचा आणि परक्याचा, असे लेवीय पुस्तक सांगते. बवाजाच्या शेतात रूथने वेचला तो हाच सरवा. आपल्या देशात 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील आदिवासींचा हक्क मान्य केला, तोही दयेपोटी दिलेले दान म्हणून नव्हे. म्हणून तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करताना थांबावे. त्या रानात आपण पाहुणे असू, पण ती तेथील घरची आहे.

पात्र मोठे झाले की काय होते, हे वसईनेच पाहिले आहे. तेथील विहिरींनी तहानेल्याला कधी पाणी नाकारले नाही. पण त्याच विहिरींवर टँकर उभे राहू लागले, तेव्हा बागायतीचा जीवच धोक्यात आला. किनाऱ्यालगतच्या जमिनीतील गोडे पाणी बेसुमार उपसले की समुद्राचे खारे पाणी आत सरकते, आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हरित वसई चळवळीने या उपशाविरुद्ध आवाज उठविला. फादर दिब्रिटो 2024 मध्ये प्रभूघरी गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र भीमेच्या वाळूलाही लागू आहे. ओंजळ आणि टँकर, घमेले आणि ट्रक यांतील फरक केवळ मापाचा नाही. ओंजळीने पिणारा उद्याही त्याच विहिरीवर येणार असतो. टँकरवाल्याला दुसरी विहीर शोधता येते.

तथापि एक अडचण उरते. नियमशास्त्रातील वाटसरू एकटादुकटा होता, आज सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर हजारो माणसे उतरतात. प्रत्येकाने एकच शिंपला उचलला, एकच फांदी मोडली, एकच पिशवी टाकली, तरी संध्याकाळी काय उरेल? अभयारण्यात तर कायदा आपल्या हातालाही आवर घालतो, आणि ते योग्यच आहे. याचा अर्थ असा की, गर्दीच्या काळात आपल्या हातात किती मावते एवढेच पाहून चालणार नाही. आपल्यामागून येणाऱ्यासाठी काय राहते, हेही पाहिले पाहिजे. कणसे खुडताना पीक उभे राहिले पाहिजे, हाच त्या नियमाचा हेतू होता.

प्रभू येशू गालील सरोवराच्या काठाने चालत असे. तेथे त्याने जाळे टाकणारे शिमोन व आंद्रिया पाहिले, जाळी नीट करणारे याकोब व योहान पाहिले, आणि त्यांना हाक मारली. पुढे शिष्यांना विसावा मिळावा म्हणून तो त्यांना एकांत स्थळी घेऊन गेला, तर तेथे लोक आधीच येऊन थांबलेले. त्याला त्यांचा राग आला नाही, कळवळा आला. विसावा हवाच, तो ईश्वराने दिलेला आहे. पण त्या विसाव्यात माणसे दिसेनाशी झाली, तर तो सुखवस्तूपणा ठरतो.

येत्या सुटीत मुलांना किनाऱ्यावर आणि रानात अवश्य न्यावे. त्यांना अनवाणी चालू द्यावे, रानातल्या बाईकडून करवंदांचा द्रोण तिने सांगितलेल्या किमतीला विकत घेऊन द्यावा, जाळे विणणाऱ्याशी दोन शब्द बोलायला लावावे. निघताना त्यांच्या पिशवीत वाळू, शिंपले, ओरबाडलेल्या फांद्या असे काही असेल, तर ते होते तेथे ठेवायला सांगावे. आणि का ठेवायचे, असे मुलाने विचारलेच, तर अनुवादाचा तेविसावा अध्याय घरी आल्यावर सर्वांनी मिळून वाचावा.