औषधाचा हक्कदार कोण?



आजारी माणसाला औषध मिळाले पाहिजे, हे कोणी नाकारीत नाही. वाद आहे तो ते कोणत्या नात्याने मिळावे याचा. त्याने वर्गणी भरली म्हणून? तो कामाचा आहे म्हणून? कोणाला दया आली म्हणून? की तो माणूस आहे आणि आजारी आहे, एवढेच पुरेसे आहे?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. शुश्रूषेला कोणी का नाही, असे त्यांनी विचारले. भिक्खू म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून बिछान्यावर निजवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा उपाध्यायाने करावी, शिष्याने करावी. कोणीच नसेल तर संघाने करावी. संघाने ती केली नाही तर तो संघाचा दोष. म्हणजे शुश्रूषा ही एकाच्या दयेवर सोडली नाही. ते साऱ्या संघाचे कर्तव्य ठरविले, आणि ‘तो आमच्या उपयोगी नाही’ ही सबब कायमची बंद केली.

आता कामगार चळवळीकडे पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपविले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगार थोडे भरतो, मालक जास्त भरतो, आणि कामगाराच्या कुटुंबाला दवाखाना मिळतो. २०१९ साली कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. यात मोठी गोष्ट अशी की कामगार दवाखान्याच्या दारात हात पसरून उभा राहत नाही. तो आपला हक्क मागतो.

परंतु या हक्काला भिंती आहेत. ज्याचे नाव हजेरीपटावर, त्यालाच तो मिळतो. लोहारा तालुक्यातील सास्तूरच्या शिवारात रोजंदारीवर खुरपणारी बाई कोणत्या हजेरीपटावर आहे? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाची उचल घेऊन निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यात शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आजारपणाचा दिवस परवडत नाही, म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकावा! हा दोष त्या बायांच्या अज्ञानाचा नाही, तर ज्या व्यवस्थेत खाड्याला दंड आहे आणि आजाराला रजा नाही, त्या व्यवस्थेचा आहे.

कोणी म्हणेल, जो भरतो त्याला मिळावे, हाच न्याय. फुकट दिले तर भरील कोण? याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की भूमिहीन मजूरही भरतोच. साबणाची वडी घेताना तोही कर देतो, आणि ज्या उसाची साखर विकून कारखाना नफा मिळवितो तो ऊस त्याच्याच हाताने तुटतो. दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की लोकांचे कल्याण जपणे हे मुख्यतः सरकारचे काम, म्हणून हा भार बहुतांशी सरकारने उचलावा. मात्र तोवर मालकाने अंग काढून घेऊ नये. कामगाराचा हक्क आधी मिळवा, पण तेथेच थांबू नका, असा हा विचार आहे.

संघटना भिंती ओलांडू शकते काय? इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. मुंबईच्या गिरण्यांत धागा जोडताना थुंकी लावावी लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे. जास्त पगार त्याच खात्यात होता. लाल बावटा खांद्यावर असूनही ती भिंत उभी राहिली. उलट, पाठीवर ओझे वाहणाऱ्या आणि कोणा एका मालकाचे नसलेल्या हमाल-माथाडींनी लढून १९६९ साली स्वतःचा कायदा मिळविला, आणि त्यातून औषधपाण्याची सोय झाली. मालक ठरलेला नाही म्हणून हक्क नाही, हा युक्तिवाद त्यांनी खोटा पाडला.

सास्तूरच्या लोकांना हे अधिक समजावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने हा परिसर जमीनदोस्त केला. ढिगाऱ्याखालच्या माणसाला बाहेर काढण्यापूर्वी त्याची जात विचारावी, वर्गणीची पावती विचारावी, असे कोणी म्हणेल काय? मग तापाने फणफणलेल्या माणसाला तरी ती का विचारावी? भूकंप एकदा येतो. आजार रोज येतो, एवढाच फरक.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. पण फलकावरचा निर्णय आपोआप औषधाची गोळी होत नाही. डॉक्टर हजर आहे का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, हे पाहणारे आणि विचारणारे लोक हवेत. शिवाय दारोदार फिरणाऱ्या आशाताईंना कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हटले जाते. दुसऱ्याचे आरोग्य राखणारीला स्वतःच्या मोबदल्यासाठी २०२१ आणि २०२३ साली संप करावा लागला. तिच्या मागणीला वस्तीने पाठिंबा देणे हा आपल्याच आरोग्याचा प्रश्न आहे.

बंधुभगिनींनो, आपण रोज संघाला शरण जातो. संघ म्हणजे एकमेकांचे आजारपण आपले मानणारी माणसे. म्हणून विहारातील बैठकीत वर्गणीच्या हिशेबाबरोबर हेही विचारा: वस्तीत कोण आजारी आहे, त्याला दवाखान्यात कोण नेईल, आणि तेथे त्याचा हक्क डावलला तर जाब विचारायला कोण कोण जाईल? आजारी माणूस आपल्या वस्तीचा नसला, आपल्या धम्माचा नसला, तरीही हेच विचारा. तो आपल्या उपयोगाचा आहे की नाही, हा प्रश्न भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे.