आकाशाचा भोगवटा

बोलणाऱ्याच्या सदऱ्यावर किंवा पदराच्या काठाला लावल्या जाणाऱ्या छोट्या माइकला यंत्रांच्या बाजारात लॅव्हेलियर आणि मराठी चित्रीकरणाच्या व्यवहारात कॉलर माइक म्हणतात. हा माइक आवाजाचे केवळ विद्युत्-संकेतात रूपांतर करतो. तो संकेत कमरेला अडकवलेल्या ट्रान्समीटरमधून, म्हणजे प्रेषकातून, ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींवर स्वार होऊन कॅमेऱ्याजवळच्या रिसीव्हरकडे, म्हणजे ग्राहकाकडे, जातो. एकाच देशात काम करणाऱ्या ध्वनिमुद्रकाला यंत्र निवडताना आवाजाची प्रत, बॅटरीचे आयुष्य आणि किंमत एवढ्यांचा विचार बहुधा पुरतो. परंतु तोच ध्वनिमुद्रक चार देशांत चित्रीकरण करणार असेल, तर ज्या वारंवारतेवर त्याचे यंत्र बोलते ती त्या त्या भूमीवर त्याला वापरता येते काय, हा प्रश्न आधी उभा राहतो. वरवर पाहता हा प्रश्न परवान्यांचा आणि दंडाचा आहे. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: जे स्वभावतः अविभाज्य आहे त्याचे वाटे कोणत्या अधिकाराने पडतात, आणि ज्याचा मालक कोठेच दिसत नाही ते घेणे ही चोरी ठरते काय.

न्याय-वैशेषिक परंपरेत आकाश हे नऊ द्रव्यांपैकी एक मानले आहे; ते एक, नित्य आणि विभू, म्हणजे सर्वव्यापी, असून शब्द हा त्याचा विशेष गुण होय, आणि श्रोत्रेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले तेच आकाश. शब्द उगमापासून कानापर्यंत कसा पोहोचतो हे सांगताना या परंपरेने दोन न्याय वापरले: पाण्यावरच्या लाटेमागून लाट उठावी तसा, हा वीचितरंगन्याय, आणि कदंबाच्या फुलातील केसर सर्व दिशांना एकदम फुटावेत तसा, हा कदंबमुकुलन्याय. (एवढ्यावरून प्राचीनांना रेडिओ ठाऊक होता असे सिद्ध करणाऱ्या पुस्तिकांची आपल्याकडे वाण नाही, परंतु नैयायिक ऐकू येणाऱ्या शब्दाविषयी बोलत होते, आणि रेडिओलहरींना तर माध्यम लागतच नाही. ज्या ईथरची कल्पना केली जात होती त्याचा मागमूस १८८७ च्या मायकेलसन-मॉर्ली प्रयोगात लागला नाही.) येथे उपयोगी पडतो तो त्या विचाराचा केवळ सांगाडा. अद्वैत वेदान्ताने तो सांगाडा उचलून असे म्हटले की घटाकाश आणि मठाकाश हे भेद आकाशाचे नसून घट आणि मठ या उपाधींचे, म्हणजे बाहेरून आलेल्या मर्यादांचे, आहेत. घट फुटल्याने आकाशाची दुरुस्ती करावी लागत नाही. राष्ट्रांच्या सीमा रेडिओलहरींच्या दृष्टीने नेमक्या अशा उपाधी आहेत. लहर सीमेवर थांबत नाही, अनुज्ञा मात्र थांबते.

ही अनुज्ञा किती वेगवेगळ्या आकारांची असते हे काही उदाहरणांवरून कळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे तीन विभाग केले असून युरोप व आफ्रिका पहिल्यात, दोन्ही अमेरिका दुसऱ्यात आणि भारतासह आशियाचा बराच भाग तिसऱ्यात येतो; त्या चौकटीत प्रत्येक देश आपला तक्ता स्वतः आखतो. अमेरिकेने ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मोबाइल कंपन्यांना लिलावाने दिला आणि १३ जुलै २०२० नंतर त्यातील बहुतेक भागात बिनतारी माइक चालवण्यास मनाई झाली, त्यामुळे कालपर्यंत वैध असलेली यंत्रे एका तारखेने अवैध ठरली. ऑस्ट्रेलियात ६९४ ते ८२० मेगाहर्ट्झच्या बाबतीत हेच २०१५ च्या आरंभी घडले होते. युरोपातील अनेक देशांत ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ हा पट्टा माइकांना परवान्याविना खुला आहे. भारताने २००५ मध्ये जो पट्टा परवानामुक्त केला तो ८६५ पासून पुढे सुरू होतो, म्हणजे युरोपातील खुल्या पट्ट्याची हद्द जेथे संपते तेथून. जपानमध्ये ८०६ ते ८१० मेगाहर्ट्झ हा छोट्या माइकांचा पट्टा आहे आणि मोठ्या कामासाठी १.२ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरला जातो.

या सर्वांत एक उदाहरण तत्त्वचिंतकाने थांबून पाहावे असे आहे. अमेरिकेत ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ, म्हणजे दूरचित्रवाणीची ३७ क्रमांकाची वाहिनी जेथे असती ती जागा, रेडिओ-खगोलशास्त्रासाठी आणि रुग्णालयांतील बिनतारी देखरेख-यंत्रांसाठी राखलेली आहे. तेथे माइक चालवता येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ६०६.५ ते ६१३.५ मेगाहर्ट्झ हीच ३८ क्रमांकाची वाहिनी अशी आहे की सामायिक परवाना काढून देशभर फिरणाऱ्या ध्वनिमुद्रकाने जेथे जावे. लंडनमधील भाडेदुकानातून सन्मानाने मिळणारे यंत्र न्यूयॉर्कच्या रुग्णालयात चालू करणे हा अपराध होतो. लहर तीच, तिची लांबी तीच, सुमारे अर्धा मीटर. बदलतो तो फक्त आजूबाजूला कोण आहे याचा हिशोब.

मग हा हिशोब ठेवणारे राज्य आकाशाचे मालक आहे काय? ह्यूगो ग्रोशियसने १६०९ मध्ये समुद्राविषयी असा युक्तिवाद केला होता की ज्यावर ताबा ठेवता येत नाही आणि ज्याचा वापर एकाने केल्याने दुसऱ्याचा अडत नाही त्याचे स्वामित्व संभवत नाही. रेडिओलहरींच्या बाबतीत यातील पहिली अट लागू पडते, दुसरी नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या बंगाल क्रिकेट संघटनेच्या निकालात या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, आणि त्यामुळे शासनाची भूमिका धन्याची न राहता विश्वस्ताची झाली. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस याने १९५९ मध्ये वेगळीच वाट दाखवली: व्यत्यय हा नेहमी परस्परांचा असतो, म्हणून हक्क स्पष्ट करून ते विकत घेऊ द्यावेत, म्हणजे ज्याला त्याची किंमत अधिक त्याच्याकडे ते जातील. हा युक्तिवाद चतुर आहे आणि आजचे लिलाव त्याच्याच वंशातले आहेत. पण आकाशगंगेतील हायड्रोजन ऐकणाऱ्या संस्थेला मोबाइल कंपनीसमोर बोली लावता येत नाही, आणि जो बोली लावू शकत नाही त्याचे हित कमी असते असे मानण्यास कोसच्या तर्कात आधार मिळत नाही.

म्हणून मालकीऐवजी घेण्याच्या कृतीकडे पाहणारी परंपरा येथे अधिक कामी येते. जैन आचारशास्त्रात अस्तेय या व्रताची व्याख्या ‘अदत्तादान’ या कल्पनेवर, म्हणजे न दिलेले घेणे यावर, उभी आहे. कोणाचे किती नुकसान झाले हा प्रश्न त्या व्याख्येत येतच नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत त्यांत खोटी वजनमापे वापरणे आणि नकली माल खपवणे यांच्या जोडीला विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याने घातलेले निर्बंध डावलून व्यवहार करणे, हाही आहे. परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्यासाठी सांगितलेला हा दोष परदेशी जाणाऱ्या ध्वनिमुद्रकाला जसाच्या तसा लागू होतो. तरीही येथे एक सयुक्तिक आक्षेप घेतला जातो: निर्जन वाळवंटात, जेथे पन्नास किलोमीटरपर्यंत दुसरा प्रेषक नाही, तेथे काही मिलिवॅटच्या माइकने कोणाचे काय घेतले? यंत्राने सगळा पट्टा तपासला, म्हणजे स्कॅन केला, आणि तो रिकामा निघाला. रिकाम्या जागेत उभे राहणे हे अदत्तादान कसे?

या आक्षेपाचे उत्तर मीमांसकांच्या प्रमाणविचारात सापडते. कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि अद्वैत वेदान्ताने अनुपलब्धी, म्हणजे वस्तू आढळून न येणे, हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु त्याला योग्यतेची अट घातली: वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही, आणि पिशाच दिसले नाही यावरून तर कधीच नाही. रिसीव्हरचा स्कॅन फक्त प्रक्षेपण करणाऱ्यांना पाहू शकतो. जो केवळ ऐकतो आहे तो त्याला दिसण्याच्या योग्यतेचाच नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महाकाय दुर्बीण आहे ती ६१० मेगाहर्ट्झच्या परिसरात अतिदूरच्या दीर्घिकांचे अत्यंत क्षीण संकेत टिपते आणि स्वतः त्यावर काहीही बोलत नाही. शिवनेरीवर किंवा लेण्याद्रीला चित्रीकरणासाठी आलेल्या चमूच्या पडद्यावर तो पट्टा स्वच्छ, मोकळा आणि मोहक दिसेल. (नारायणगाव हे तमाशाच्या फडांचेही गाव असल्याने तेथे ध्वनिवर्धन आणि आकाशश्रवण शेजारी नांदतात, हा योग गमतीदार खरा.) उंच गच्चीवरून दूरच्या मनोऱ्याचा दुबळा संकेत घेणारा दूरचित्रवाणीचा प्रेक्षकही असाच: रस्त्यावरच्या स्कॅनला जो मनोरा ऐकूच येत नाही, तो त्याला ऐकू येत असतो आणि माइकमुळे बुडू शकतो. तेव्हा परवान्याचा तक्ता हा, निदान त्याच्या उत्तम रूपात, वापरणाऱ्याला स्वतःहून मिळू न शकणाऱ्या ज्ञानाची जागा भरून काढतो. त्याचे बंधन राज्याच्या दंडशक्तीतून आले नसून अज्ञानाच्या या विशिष्ट प्रकारातून आले आहे, आणि म्हणून ते वाळवंटातही टिकते.

हे मान्य केले की यंत्राची निवड बरीच सुकर होते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जगात जवळपास सर्वत्र परवान्याविना खुला आहे आणि भारतातही २००५ पासून आहे; म्हणून फिरत्या चमूला तोच पहिल्याने सुचवला जातो. पण तो गावच्या गायरानासारखा आहे: कोणाचीही जनावरे तेथे चरू शकतात, म्हणून चारा कोणालाच पुरत नाही. वाय-फाय, ब्लूटूथ आणि प्रेक्षकांचे फोन यांच्या गर्दीत तो गुदमरतो, शिवाय त्याची सुमारे साडेबारा सेंटिमीटरची लहर माणसाच्या पाणीदार देहात अधिक शोषली जात असल्याने वक्त्याने पाठ फिरवताच संकेत तुटू लागतो. जवळून घेतलेल्या मुलाखतीला तो पुरतो, मिरवणुकीला नाही. १.९ गिगाहर्ट्झची यंत्रे स्वतःच वाटाघाटी करून जागा शोधतात, परंतु युरोपात त्यांची हद्द १८८० ते १९०० आणि अमेरिकेत १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ असल्याने तेथेही देश निवडावाच लागतो. यूएचएफ, म्हणजे सुमारे ४७० ते ७०० मेगाहर्ट्झमधली, यंत्रे सर्वांत भरवशाची आहेत, पण ती विकत घेऊन देशोदेशी नेण्यापेक्षा त्या त्या देशात भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते. कारण स्थानिक दुकानदाराकडे तेथील वैध पट्ट्याचे यंत्र असते आणि परवान्याची वाटही त्याला माहीत असते. तात्पुरत्या आयातीचे एटीए कार्नेट हातात आहे म्हणून रेडिओ चालवण्याची परवानगी मिळाली, ही समजूत मात्र चुकीची आहे. ते फक्त सीमाशुल्काचे कागद आहेत.

उरतो तो चौथा पर्याय, आणि अस्तेयाच्या निकषावर तो सर्वांत निर्दोष दिसतो: प्रक्षेपणच न करणारा, आवाज जागच्या जागी मुद्रित करणारा छोटा रेकॉर्डर, ज्याला कोणत्याही देशात वारंवारता मागावी लागत नाही. दिग्दर्शकाला आवाज त्याच क्षणी ऐकता येत नाही ही त्याची अडचण प्रसिद्ध आहे. दुसरी तितकी बोलली जात नाही. बिनतारी माइकवर दुसऱ्या टोकाला एक माणूस ऐकत असतो, आणि वक्ता चहाला किंवा एखाद्या खाजगी बोलण्यासाठी बाजूला गेला की तो आवाज बंद करू शकतो. रेकॉर्डर कोणी ऐकत नसताना दिवसभर सर्व काही साठवत राहतो, त्यामुळे आकाशातले अदत्तादान टळते तेथेच बोलणाऱ्याचे न दिलेले शब्द घेतले जाण्याचा मार्ग उघडतो. यावर उपाय म्हणजे यंत्राची कळ वक्त्याच्या हाती देणे आणि ती कशी दाबायची हे त्याच्या भाषेत आधी समजावणे. परंतु चुकून यंत्र बंद पडले तर मुलाखत वाया जाते, या भीतीने बहुतेक ध्वनिमुद्रक ती कळ कुलूपबंद करूनच माइक लावतात.