झाडपाल्याचा दोष

‘झाडपाल्याचं आहे, त्याला काय दोष?’ असं आपण बायका सहज बोलून जातो. या ‘दोष’ शब्दात दोन गोष्टी असतात. एक, त्यानं अपाय होत नाही. दुसरी, त्यात पाप नाही. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या निवडून बघाव्यात, असं मला हल्ली वाटतं.

आधी अपायाचं बघू. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९५०च्या दशकात मेंढपाळ हैराण झाले होते. कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्मत होती. कारण निघालं डोंगरावर उगवणारी व्हेराट्रम नावाची वनस्पती. संशोधकांनी गाभण मेंढ्यांना ती मुद्दाम खाऊ घालून पाहिलं. गाभ राहिल्यावर चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली, तर गर्भाचा चेहरा असा बिघडतो. मग उपाय सोपा झाला: तेवढे दिवस कळप त्या कुरणात न्यायचा नाही.

आता याच जातकुळीची दुसरी बाजू. १९३९ साली जपानमध्ये व्हेराट्रमच्याच एका प्रकारातून रेसव्हेराट्रॉल हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. द्राक्षाच्या सालीतही ते असतं. आज प्रयोगशाळेत गाई, म्हशी, डुकरं यांची बीजांडं शरीराबाहेर वाढवतात, तेव्हा ते वापरून बघतात. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन. आईच्या पोटात त्याहून कितीतरी कमी. हा जादा ऑक्सिजन कोवळ्या बीजांडाला जाचतो. रेसव्हेराट्रॉल, हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन ही द्रव्यं अगदी थोडी घातली तर हा जाच कमी करू शकतात. प्रमाण वाढलं की तीच द्रव्यं बीजांडाला मारक ठरू शकतात. म्हणजे गुण आणि अवगुण मात्रेत आहे, वेळेत आहे. नुसतं ‘नैसर्गिक’ म्हटल्यानं काही ठरत नाही.

आता पाप. माझी भाची जनावरांची डॉक्टर होते आहे. म्हशीच्या बीजांडांवर काम करते. ही बीजांडं येतात कत्तलखान्यातून. म्हशीचे बीजांडकोश थर्मासात घालून आणतात. हे घरात कळलं तेव्हा तिच्या आजीनं जेवण टाकलं. आपल्याकडे हिंसा तीन वाटांनी लागते म्हणतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मनानं मान्य केलेली. आजीचं म्हणणं, तू मारलं नाहीस, मारवलं नाहीस, पण अनुमोदना तर झालीच ना?

प्रश्न खरा आहे, तो उडवून लावता येत नाही. म्हैस मांसासाठी मारली जाते, बीजांडकोश एरवी टाकूनच देतात, हे खरं. पण अनुमोदना मनात असते. म्हणून मी भाचीला विचारलं, ‘उद्या कत्तलखाना बंद झाला, तर तुला बरं वाटेल की वाईट?’

ती म्हणाली, ‘बरंच वाटेल गं मावशी. जिवंत म्हशीची बीजांडं सुईनं काढायची पद्धत आहे की, त्यावर काम करीन. पण मला एक सांग, ती मेलेली म्हैस तिथं आली कुठून?’

मी गप्प झाले नाही, पण उत्तर द्यायला वेळ लागला. आली ती आपल्यासारख्यांच्या दुधावरून. दूध आटलं, म्हैस भाकड झाली, दलाल आला, दावं सोडून दिलं. रेडकू नर निघालं तर तेही त्याच वाटेनं. थर्मासापर्यंतची वाट आपल्या चुलीवरच्या दुधाच्या पातेल्यापासून निघते.

म्हणून मला वाटतं, भाचीपुढचं ताट ओढून घेण्याचा अधिकार आधी आपण मिळवायला हवा. आयडाहोच्या मेंढ्यांवरचा प्रयोगही निर्दोष नव्हता. पण जाणून घेतल्यामुळे पुढची कोकरं वाचली. शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे, म्हणजे बेसावधपणात. प्रयोगशाळेतली मुलगी निदान काय कुठून येतं ते जाणते. आपण दूधवाल्याला कधी विचारतो का, ‘आटलेल्या म्हशीचं काय करता हो?’ उत्तर ऐकून दोन पैसे जास्त द्यायची तयारी ठेवावी, आणि तसं सांभाळणाऱ्याकडूनच दूध घ्यावं. अनुमोदना तिथून कमी व्हायला लागते.