द्वारपालाचा धर्म

टिटवाळ्याच्या महागणपतीला नवस बोलून परतणाऱ्या आयांना पाहताना पुष्कळदा मनात येते की, ज्या देवापाशी त्या लेकरांची खुशाली मागतात, त्याचे जगातील पहिले काम दारावर उभे राहण्याचे होते. पार्वतीने स्नानास जाताना त्याला उंबऱ्यावर बसविले आणि घराचा प्रत्यक्ष धनी परतला तेव्हा त्यालाही त्याने अडविले.

कथेतील हा धनी मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण द्वारपालाने अडविला तो परका नव्हे, घरचाच माणूस होता. कल्याणपलीकडे कर्जतच्या फाट्यावरील बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, आरोप शाळेतच कामास असलेल्या इसमावर आला, आणि २० ऑगस्टला संतप्त लोकांनी तासन्‌तास रेल्वे रोखून धरली. दुसऱ्याच दिवशी शासनाचा हुकूम निघाला: कॅमेरे, तक्रारपेटी, नोकरवर्गाच्या चारित्र्याची पडताळणी. बंदोबस्त हवाच. परंतु आपल्याच माणसाची चौकशी करणे म्हणजे त्याचा उपमर्द करणे, असे मानणारी जी सात्त्विक भीड आपल्या संस्थांतून नांदते, तिचे काय? विश्वास हा सज्जनांचा गुण खरा. पण अजाण मुलीच्या वतीने तो परस्पर दुसऱ्याला बहाल करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कण्वांचा आश्रम येथेच होता, अशी टिटवाळ्याची श्रद्धा आहे. कालिदासाच्या नाटकात कण्व सोमतीर्थाला गेले असतानाच दुष्यंत आला आणि दुर्वासांचा शापही त्याच काळात पडला. आश्रमाच्या कुलपतीचे आसन त्या दिवसांत रिकामे होते.