निनावी पात्याची पारख

‘सहीच नाही, मग ही मासामुनेची कशावरून?’ जुन्या जपानी तलवारींवर बोलताना एका मित्राने सहज विचारलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला टोचतो आहे.

गोरो न्यूदो मासामुने हा कामाकुराचा तलवारघडव्या, 13 व्या शतकाच्या अखेरीचा आणि 14 व्याच्या सुरुवातीचा. मासामुनेची सही मानली जाते ती मोजक्या पात्यांवर, आणि त्यातही बहुतेक कट्यारीच. त्या काळच्या कितीतरी लांब तलवारी पुढे आखूड केल्या गेल्या. कापतात मुठीकडून, आणि सही असते ती तिथेच.

मित्राला माझं उत्तर एवढंच होतं की नाव वेगळं आणि हात वेगळा. पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की धार झपाट्याने थंड होऊन कडक होते आणि सीमारेषेवर पोलादाचे कण चमकू लागतात. आच वाढवली तर कण ठसठशीत येतात, पण पातं तडकण्याची भीतीही वाढते. मासामुनेच्या म्हटल्या जाणाऱ्या पात्यांत हे कण मोठे, मोकळे, मधूनच विजेसारख्या रेघा ओढणारे दिसतात. एवढी जोखीम सवयीने घेणारा माणूस सहीवाचूनही ओळखू येतो.

हे दिसतं ते शिकलगारामुळे. एकाहून एक बारीक दगडांवर पातं घासत तो शेवटी दगडाच्या कागदासारख्या पातळ चकत्या अंगठ्याखाली धरून काम करतो. मुठीत जाणाऱ्या भागाला मात्र हात लावत नाही. तिथला काळा गंज वयाचा पुरावा असतो, तो राखायचा. हा संयम मला त्या लखलखाटाहून मोठा वाटतो.

1896 मध्ये इमामुरा चोगा या नामांकित पारख्याने मासामुने हे पुढच्या काळातला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या वेळी फुगवलेलं नाव असल्याचं जाहीरपणे मांडलं. असा माणूस झालाच नाही, हे मला मान्य नाही. 1423 मध्ये नकललेल्या घडव्यांच्या यादीत तो आहे. पण इमामुराचा अर्धा मुद्दा पिच्छा सोडत नाही. तलवारी पारखणारं होनामी घराणं हिदेयोशीच्या आणि पुढे तोकुगावा शोगुनांच्या पदरी होतं. सरदारांना बक्षिसं द्यायला मोठी नावं हवीच होती, आणि होनामींच्या दाखल्यावर किंमत सोन्यात लिहिली जाई. सही असलेली लांब तलवारच नसेल, तर मासामुनेचा हात म्हणून मी ज्याचा हवाला देतो, तो तरी कुणी ठरवला? बराचसा त्यांनीच.

तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आखूड केलेली एक मासामुने आहे. मुठीखालच्या लोखंडात सोन्याची अक्षरं जडवली आहेत: एका बाजूला मालक जो इझुमी-नो-कामी, दुसऱ्या बाजूला मासामुनेचं नाव, पातं आखूड केल्याची नोंद, आणि खाली होनामी पारख्याची स्वतःची खूण. घडवणाऱ्याची सही नाही, पण निवाडा देणाऱ्याची आहे. मित्राने सही मागितली ते बरोबरच होतं, फक्त ती घडव्याकडे मागितली. मी हाताची बाजू घेताना निवाड्याला धनी लागतो हे विसरलो होतो. संग्रहालयाच्या पाटीवरचं नुसतं ‘मासामुने’ आता मला पुरत नाही. कुणी ठरवलं आणि कधी, हेही तिथेच लिहिलेलं हवं.